नीटचे गुण कमी वाटतात: फेरतपासणी मागता येते का, आणि नेमकी कशाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीने नीट-यूजी दिली. घरी प्रश्नपुस्तिकेवरून हिशेब केला तेव्हा ५४७ गुण येत होते, स्कोअरकार्डवर ५१२ आले. आन्सर की (उत्तरसूची) आणि ओएमआर (गोल भरायची उत्तरपत्रिका) चॅलेंज करायच्या, म्हणजे त्यांवर हरकत घ्यायच्या दिवसांत काही केले नाही. आता रिचेकिंगचा अर्ज कुठे करायचा, फी किती, वकील करावा का?

आधी स्पष्ट उत्तर देतो. निकाल लागल्यानंतर नीटमध्ये रिचेकिंग किंवा रिव्हॅल्युएशन नावाची सोय नाही. बारावीला बोर्डाकडे फी भरून गुणपडताळणी होते, छायाप्रत मिळते, तसा अर्ज इथे नसतो. राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत तसे लिहितेच. तपासणीवर हरकत घ्यायची जागा आहे, पण ती निकालाच्या आधी येते आणि दोन-तीन दिवसांत बंद होते. ती चुकली तरी तुमच्या हातात अजून एक-दोन गोष्टी उरतात. मात्र त्या कोणत्या, हे ३५ गुणांचा फरक कुठून आला यावर ठरते. म्हणून अर्ज, वकील, न्यायालय हे सगळे बाजूला ठेवा आणि आधी हा फरक सोडवा.

त्यासाठी एक साधे गणित आहे, फार थोडे पालक ते करतात. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला वजा १, कोऱ्याला शून्य. म्हणजे तुम्ही बरोबर धरलेले उत्तर प्रत्यक्षात चूक निघाले तर ५ गुणांचा फरक पडतो. बरोबर धरलेले उत्तर कोरे निघाले तर ४ चा आणि कोरे धरलेले चूक निघाले तर १ चा. तुमचा फरक ३५ आहे, म्हणजे बहुधा सात प्रश्न ‘बरोबर’मधून ‘चूक’मध्ये गेले आहेत. १४५ बरोबर, ३३ चूक, २ कोरे धरले की ५४७ होतात. १३८ बरोबर, ४० चूक, २ कोरे धरले की ५१२. तीन प्रश्न ५ चे आणि पाच प्रश्न ४ चे असले तरी ३५ च होतात. शोध सात-आठ प्रश्नांचा आहे एवढे कळले की काम आवाक्यात येते.

फरक याहून फार मोठा असता, म्हणजे साडेपाचशेची अपेक्षा आणि हातात साठ-सत्तर, तर शंका वेगळी घ्यावी लागली असती. पुस्तिकेचा कोड (प्रश्नांचा क्रम कोणता हे सांगणारा क्रमांक) चुकीचा धरला गेला तर उत्तरे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी जुळतात. चारांत एक बरोबर, तीन चूक, म्हणजे दर प्रश्नी सरासरी पाव गुण. १८० प्रश्नांचे ४५. कोडचा घोळ झाला की गुण असे कोसळतात, ३५ ने घसरत नाहीत. त्यामुळे ‘कोड चुकला असेल’ ही शंका तुमच्या बाबतीत काढून टाका. घरी हिशेब करताना मात्र हीच चूक सर्रास होते. कोड ४५ च्या पुस्तिकेला ४६ ची की लावली जाते, आकडा भलताच येतो आणि घरात रडारड होते. की उघडल्यावर पहिल्यांदा कोड बघा.

आता ५४७ हा आकडा कशावरून काढला ते तपासा. पेपर सुटल्यावर उमेदवाराला फक्त प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. ओएमआरची मूळ प्रत आणि ऑफिस प्रत दोन्ही पर्यवेक्षकाकडे द्याव्या लागतात. म्हणजे तुमचा घरचा हिशेब पुस्तिकेवरच्या खुणांवर उभा आहे, आणि तपासणी पुस्तिकेची होतच नाही. त्यात की कुठली लावली हाही प्रश्न आहे. परीक्षेच्या संध्याकाळी क्लासवाल्यांच्या आन्सर की फिरू लागतात आणि दोन क्लासच्या कीमध्ये दोन-तीन उत्तरांचा फरक सहज असतो. हिशेब एनटीएच्या अंतिम, म्हणजे निकालासोबत येणाऱ्या कीनुसार पुन्हा करा. निम्मे तंटे इथेच मिटतात.

तरीही फरक उरला तर एक कोष्टक बनवा. कागदावर पाच रकाने आखा: प्रश्न क्रमांक, पुस्तिकेवरची खूण, ओएमआरच्या प्रतिमेत दिसणारा भरलेला गोल, एनटीएने दाखवलेला ‘रेकॉर्डेड रिस्पॉन्स’ (यंत्राने नोंदवलेले उत्तर), आणि अंतिम की. ओएमआरची स्कॅन केलेली प्रत गेली काही वर्षे पोर्टलवर दिसते आणि फॉर्ममध्ये दिलेल्या ईमेलवरही येते. पोर्टलवरची लिंक बंद झाली असेल तर तो ईमेल शोधा, स्पॅममध्येही बघा. फॉर्म सायबर कॅफेत किंवा क्लासमध्ये भरला असेल तर ईमेल त्यांचा टाकलेला असू शकतो. तसे असेल तर आज तिथे जाऊन ती प्रत मिळवा. पुढच्या वर्षी परीक्षा देणाऱ्यांनी ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा. चॅलेंजची सूचना हुकण्याचे हे फार साधे आणि फार महागात पडणारे कारण आहे.

कोष्टक भरायला दोन माणसे बसा. एकाने प्रतिमा मोठी करून प्रश्न क्रमांक आणि गोल मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. वीस-वीस प्रश्नांचे टप्पे करा. मुलीला स्वतःच्या ओएमआरचे वाचन करू देऊ नका. तिला आपण काय भरले ते आठवत असते आणि डोळा तेच बघतो. शांतपणे केले तर तासा-दीड तासात होते.

कोष्टक पूर्ण झाले की चित्र चारांपैकी एका प्रकारचे दिसेल.

पहिला प्रकार: पुस्तिकेवर एक पर्याय आणि ओएमआरवर दुसरा. हा भरताना झालेला घोळ आहे. सात-आठ प्रश्न सलग असतील, तर ओळ सरकली असण्याची शक्यता मोठी. उदाहरणार्थ, ६२ वा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून सोडला आणि ६३ चे उत्तर ६२ च्या ओळीत गेले, ६४ चे ६३ मध्ये, असे ७१ पर्यंत. कोष्टकात हे लगेच ओळखू येते: ओएमआरचा रकाना एक घर खाली सरकवला की पुस्तिकेशी तंतोतंत जुळतो. उत्तर येत होते आणि गुण गेले, याचे दुःख मोठे आहे, ते मी हलके करून सांगत नाही. पण इथे हरकतीला जागा नाही. यंत्राने जे भरले तेच वाचले आहे, आणि उमेदवाराच्या मनात काय होते हे कोणतीही तपासणी बघू शकत नाही.

दुसरा प्रकार: ओएमआरवर एक गोल स्पष्ट भरलेला आणि रेकॉर्डेड रिस्पॉन्समध्ये भलतेच किंवा कोरे. ही खरी वाचनाची चूक. स्कॅनर कागदाच्या कडेच्या काळ्या खुणांवरून ओळ ठरवतो आणि प्रत्येक गोलातला काळेपणा मोजतो. ठरलेल्या पातळीच्या वर असेल तर ‘भरलेला’, खाली असेल तर ‘रिकामा’. म्हणून अर्धवट भरलेला गोल, नुसती टिकमार्क, मधोमध ठिपका किंवा फिकट पेन धोक्याचे असते. उलट बाजूने, शेजारच्या गोलावर पेन टेकवून विचार करायची सवय असेल तर तिथे शाईचा डाग राहतो आणि दोन गोल भरल्यासारखे वाचले जाऊ शकते. दोन गोल म्हणजे चूक, म्हणजे वजा १. ब्लेडने खरडलेला किंवा व्हाइटनर लावलेला गोल याच खात्यात जातो. ओएमआर चॅलेंज करताना हा फरक लक्षात ठेवा: एकच गोल, पूर्ण भरलेला, आजूबाजूला स्वच्छ आणि तरी नोंद वेगळी असेल, तर हरकत भक्कम. ‘खरडलेला दिसतोय, पण माझा खरा पर्याय तिसरा होता’ ही हरकत टिकत नाही.

तिसरा प्रकार: प्रतिमा आणि नोंद जुळतात, पण कीच चुकीची वाटते. त्याबद्दल पुढे बोलतो, तो भाग मोठा आहे.

चौथा प्रकार: रेकॉर्डेड रिस्पॉन्स आणि अंतिम की लावून तुमची बेरीज स्कोअरकार्डपेक्षा वेगळी येते. हे क्वचित घडते, पण घडले तर निकालानंतरही तुमचे म्हणणे सर्वांत स्वच्छ असते, कारण त्यात मताचा प्रश्न नसून बेरजेचा आहे. बेरीज करताना बदललेल्या प्रश्नांचे नियम लावायला विसरू नका. दोन पर्याय बरोबर ठरले तर त्यांपैकी कोणताही एक भरणाऱ्याला ४. चारही बरोबर ठरले तर प्रश्न सोडवणाऱ्या प्रत्येकाला ४. प्रश्नच रद्द झाला तर सोडवो वा न सोडवो, सगळ्यांना ४. आणि पर्सेंटाइलचा (आपल्या खाली किती टक्के मुले आहेत तो) आकडा गुण म्हणून वाचू नका. स्कोअरकार्डवर दोन्ही शेजारी असतात आणि गडबडीत गल्लत होते.

चॅलेंजचे दिवस हुकले नसते तर काय करायचे होते, ते पुढच्या वर्षीच्या वाचकांसाठी सांगतो. तात्पुरती की, ओएमआरची प्रतिमा आणि नोंदवलेली उत्तरे बहुधा एकदमच येतात. २०२५ मध्ये परीक्षा ४ मे रोजी झाली, चॅलेंजची मुदत ३ ते ५ जून होती आणि निकाल १४ जूनला लागला. महिनाभर वाट बघायची आणि मग तीन दिवसांत सगळे, असे हे वेळापत्रक असते. लॉगिन केल्यावर ओएमआरची हरकत आणि कीची हरकत यांच्या लिंक वेगळ्या असतात. दर प्रश्नाला २०० रुपये, परत न मिळणारे. प्रश्न निवडायचा, आपला दावा असलेला पर्याय टिक करायचा, यादी तपासायची, पैसे भरायचे आणि पावतीची पीडीएफ उतरवून ठेवायची. पैसे भरले नाहीत तर दावा धरलाच जात नाही. शेवटच्या रात्री यूपीआय अडकले, खात्यातून रक्कम गेली आणि पावती आली नाही, असे झाले की भांडायला वेळ उरत नाही. पहिल्या दिवशी कोष्टक, दुसऱ्या दिवशी पैसे. तिसरा दिवस अडचणीसाठी मोकळा ठेवा. ईमेलने किंवा टपालाने पाठवलेली हरकत या टप्प्यावर चालत नाही, आणि तुमची हरकत मान्य झाली की नाही हे वैयक्तिक कळवतही नाहीत. निकालासोबतच्या अंतिम कीवरून आणि स्वतःच्या बेरजेवरूनच ते कळते.

कीवर हरकत घेताना २०० रुपयांपेक्षा जास्त विचार कशाचा करायचा, तर फायदा कुणाला होणार याचा. ओएमआरची चूक तुमची एकटीची असते, दुरुस्त झाली तर गुण तुमचेच वाढतात. की बदलली तर ती सगळ्यांना बदलते. एकेका गुणावर शेकडो मुले उभी असतात. तुमच्याबरोबर तेवढ्याच मुलांचे ४ गुण वाढले तर क्रमांकात फारसे काही हलत नाही. जिथे तुम्ही भरलेला पर्याय थोड्यांनीच भरला आहे आणि तो निर्विवाद बरोबर आहे, तिथे हरकत खरोखर कामाची. पुरावा म्हणून एनसीईआरटीच्या चालू आवृत्तीचे पान, ओळ आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमातला घटक द्या. क्लासच्या नोट्स, जाडजूड संदर्भग्रंथ यांना वजन कमी. पोर्टलवर कागद जोडायची सोय असेल तर सगळे एका पीडीएफमध्ये करा.

‘चालू आवृत्ती’ या शब्दावर जोर देण्याचे कारण २०२४ चा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. दोन विधाने होती: अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असून आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. दुसरे विधान चूक आहे, कारण सगळ्या मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. पण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ते तसेच छापलेले होते. तात्पुरत्या कीवर हरकतींचा पाऊस पडला आणि एनटीएने दोन्ही पर्याय बरोबर धरले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ निघाले, त्यांपैकी ४४ जण या प्रश्नामुळे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत घेतले, एकच पर्याय बरोबर ठरला, आणि २६ जुलैला सुधारित निकाल आला. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे ४ गुण गेले आणि वर वजा १, म्हणजे प्रत्येकी ५ गुण कमी झाले. पूर्ण गुण मिळवणारे शेवटी १७ उरले. फेरमोजणी नेहमी वरच नेते असे धरून चालू नका.

आता न्यायालयाबद्दल. वकील करावा का, याचे उत्तर कोष्टकातच आहे. कायदा या विषयात जुना आणि बऱ्यापैकी स्थिर आहे, आणि त्यातला एक पायाभूत निकाल वैद्यकीय प्रवेश परीक्षेचाच आहे. कानपूर विद्यापीठाच्या १९८३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आन्सर की बरोबर आहे असेच गृहीत धरायचे. ती चूक ठरवायची असेल तर इतकी उघड चूक हवी की त्या विषयातल्या जाणकार माणसांपैकी कुणीही तिला बरोबर म्हणणार नाही. त्या मुलांनी ते दाखवून दिले आणि ती मुले जिंकलीही. पुढच्याच वर्षी आपल्या महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात, नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्क म्हणून मागता येत नाही, हे ठरले. २०१७ च्या रणविजय सिंह निकालात दोन्ही धागे एकत्र आले: नियम परवानगी देत नसेल तर न्यायालय फार अपवादानेच हात घालेल, तेही तर्कवितर्क न करता चूक समोर दिसत असेल तर. आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला.

सोलापूरच्या केंद्रावरचे २०२१ चे प्रकरण तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकाला माहीत असावे. दोन उमेदवारांना पुस्तिका आणि उत्तरपत्रिका वेगवेगळ्या कोडच्या मिळाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितले आणि तोवर निकाल थांबला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला स्थगिती दिली, निकाल लागला, आणि नोव्हेंबरमध्ये फेरपरीक्षेचा आदेशही रद्द झाला. चूक मुलांची नव्हती, तरी दोघांसाठी परीक्षा पुन्हा होऊ शकली नाही. यातून घ्यायचे ते एवढेच की कोड जुळत नसेल तर लगेच हात वर करायचा आणि बदलून मिळेपर्यंत एकही गोल भरायचा नाही. ‘घाबरू नको, चालेल’ असे कुणी म्हटले तरी ऐकायचे नाही.

याचिका करायची वेळ आलीच तर ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात होते. तिच्यात काय हवे? ओएमआरची स्पष्ट प्रतिमा, मुदतीत केलेल्या चॅलेंजची पावती आणि वेळ. तुमच्याकडे पावती नाही, त्यामुळे ‘ही हरकत वेळेवर का घेतली नाही’ हा पहिलाच प्रश्न येईल. प्रतिमेत एकच गोल ठळक आणि नोंद वेगळी, किंवा बेरीज चुकलेली, असे असेल तरच पुढे जा. ‘ही ओएमआर माझी नाहीच’ असा दावा मनातल्या शंकेवर कधीही करू नका. न्यायालय मूळ ओएमआर मागवते. तिच्यावर नाव, सही, पुस्तिकेचा क्रमांक असतो, शिवाय हजेरीपटावरची सही आणि अंगठा. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात फाटलेल्या ओएमआरच्या तक्रारीवर मूळ प्रत हजर झाली, ती धड होती, आणि तक्रारीची कागदपत्रेच बनावट निघाली.

वकिलाआधी करायच्या दोन गोष्टी स्वस्त आहेत. एक, एनटीएच्या नीट मदतकक्षाला ईमेल: अर्ज क्रमांक, रोल नंबर, कोड, फक्त वादातले प्रश्न आणि कोष्टकातल्या त्या ओळी, सोबत प्रतिमेचा तेवढाच कापलेला तुकडा. भावना आणि घरची परिस्थिती त्यात लिहू नका, वाचणाऱ्याला प्रश्न क्रमांक हवा असतो. दोन, माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, स्वतःच्या ओएमआरची प्रत आणि नोंदवलेली उत्तरे मागणारा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा उमेदवाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि अभिलेख निकालानंतर ठरावीक दिवसच जपतात, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. अर्जात ‘माझी ओएमआर या प्रकरणाचा निर्णय होईपर्यंत नष्ट करू नये’ अशी ओळ घाला.

एक सावधगिरीची गोष्ट. निकालानंतर ‘ओएमआरमध्ये गुण वाढवून देतो’ असे फोन येतात. जून २०२५ मध्ये सीबीआयने अशाच आश्वासनावर लाखो रुपये मागितल्याच्या आरोपावरून महाराष्ट्रातून दोघांना अटक केली होती. गुण वाढत नाहीत. पैसे जातात, आणि मुलीचे नाव प्रकरणात अडकले तर पुढच्या परीक्षाही धोक्यात येतात. फोन ठेवा आणि नंबर पोलिसांना द्या.

शेवटी प्रवेशाचे. तक्रार चालू आहे म्हणून कुणीही राउंड (प्रवेशाची फेरी) थांबवत नाही. सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय १५ टक्के जागांसाठी एमसीसीची (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) आणि राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलची (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) नोंदणी ५१२ गुणांवरच करा, पसंतीक्रम ५१२ धरूनच भरा. ५४७ होतील या आशेवर वरचीच कॉलेजे भरून खालची सोडली तर सात प्रश्नांच्या वादात पूर्ण वर्ष जाईल. गुण सुधारलेच तर पुढच्या राउंडमध्ये वरच्या पर्यायाकडे जाता येते, मात्र राउंडगणिक जागा सोडण्याचे नियम आणि अनामत रक्कम वेगळी असते, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत आधी वाचा. नोंदणीची शेवटची तारीख कोष्टकाच्या कागदावरच वर लिहून ठेवा.